पोपटांची गवसणी

पाऊस आपोआप पडतो, हे मिलिमीटरांना मान्य होतं. तो आपोआप मोजलाही जातो, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. पुढे जे काही झालं ते या मतभेदामुळे झालं असं ते अजूनही सांगतात. खरं कारण वेगळंच होतं, पण त्याकडे आपण येऊच.

मिलिमीटर हे नाव त्यांना ऑफिसाने दिलं होतं. हवामान कार्यालयाच्या अंगणात एक नळकांडं जमिनीत बसवलेलं होतं. त्यात साठलेला पाऊस रोज सकाळी काचेच्या मापात ओतायचा, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं, एक डोळा मिटायचा आणि आकडा वाचायचा, हे काम ते नोकरीला लागल्यापासून करत होते. आकडा वाचताना ते श्वाससुद्धा रोखून धरत, कारण श्वासाने पाणी हलतं. त्यांच्या हातून कधी अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला नव्हता. नावात थोडी चेष्टा होती, पण ती वजा करून उरलेला आदर त्यांनी ठेवून घेतला होता.

आणि मग डोंगरावर यंत्र आलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, जिथे जीपचा रस्ता संपतो आणि पायवाटही कंटाळते, अशा जागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचं असं वरून ठरलं. दिसायला ते दुधाच्या पांढऱ्या कॅनसारखं होतं. वर रुंद तोंड, तोंडात गाळणं आणि गाळण्याखाली दोन इवल्याशा वाट्या. पावसाने एक वाटी भरली की ती कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. दर कलंडण्याचा हिशेब शेजारच्या खांबावरून थेट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येतो. कुणी वर जायला नको, कुणी भिजायला नको. या कलंडण्याला यंत्रवाल्या मॅडम ‘टिप’ म्हणत. त्यामुळे ‘यंत्राला रोज किती टिप मिळाल्या याची नोंद ठेवावी’ हे वाक्य वाचून लेखा विभागाने ती रक्कम कुठे जमा होणार अशी लेखी विचारणा केली होती. ती विचारणा अजून मिटलेली नाही.

यंत्रवाल्या मॅडम म्हणजे नुकतीच नोकरीला लागलेली एक किडकिडीत मुलगी. वयाने मिलिमीटरांच्या भाचीएवढी. डोंगरावरचं यंत्र तिनेच बसवलं होतं आणि त्याचा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता. ती मिलिमीटरांना काका म्हणायची. मिलिमीटर तिला मॅडम म्हणायचे, आणि त्या ‘मॅडम’मध्ये जेवढा थंडपणा घालता येईल तेवढा घालायचे.

आता, कुठलीही वस्तू कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय कार्यालयाच्या जिवाला चैन पडत नाही. ताबा कोण घेणार असं साहेबांनी विचारताच ऑफिसातल्या अर्ध्या लोकांचे गुडघे दुखू लागले आणि उरलेल्यांच्या घरी आजारपण निघालं. साहेब म्हणाले, “मिलिमीटर, नाहीतरी तुमचा त्या यंत्रावर डोळा आहेच. तुमच्याच ताब्यात असू द्या.” मिलिमीटरांनी ऐटीत सही केली आणि नंतर कागद वाचला. यंत्र चोरीला गेलं, फुटलं, चेपलं, गंजलं किंवा त्यावर नुसता ओरखडा जरी उठला तरी ताबाधारक व्यक्तिशः जबाबदार राहील, असं त्यात होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी तो मजकूर बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “केवढं आहे हो ते? उंची किती, घेर किती?”

मोजमापाचा प्रश्न म्हटल्यावर मिलिमीटर सगळी काळजी विसरले. त्यांनी उंची सांगितली, घेर सांगितला, तोंडाचा व्यास सांगितला आणि तळाशी असलेल्या पट्टीची रुंदीही सांगितली. कशाला हवंय, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

बाईंबद्दल इथे थोडं सांगायला हवं. त्यांच्या माहेरी वाद्यांचं दुकान होतं. तिथे प्रत्येक वाद्याला गवसणी असायची, आणि ज्या वाद्याला गवसणी नाही ते वाद्य अनाथ, असं त्यांचे वडील मानत. सासरी वाद्यं नव्हती, पण शिलाई मशीन होतं. मिक्सरला गवसणी, पंख्याला गवसणी, टीव्हीच्या रिमोटला गवसणी. मिलिमीटरांच्या जेवणाच्या डब्याची पिशवीही त्यांनीच शिवलेली. आणि हे सगळं एकाच कापडाचं. झालं असं होतं, की खिडकीच्या पडद्यासाठी त्या कापड आणायला गेल्या आणि दुकानदाराने गोड बोलून अख्खा तागाच त्यांच्या गळ्यात मारला. पिवळ्या कापडावर तळहाताएवढे हिरवे पोपट, लालभडक चोची आणि प्रत्येकाचा एक डोळा बघणाऱ्यावर रोखलेला. घरात कुठेही बसलं तरी पाच-पंचवीस पोपट आपल्याकडे बघतायत असं वाटायचं. घर पुरेना तेव्हा पोपट बिल्डिंगमध्ये उतरले. सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर पोपट आले. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा रक्तदाब मोजायचं यंत्र पोपटांच्या खोळीत ठेवू लागले.

पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, “मला दाखवा तरी तुमच्या जोखमीचं यंत्र.” दोघं डोंगर चढून गेली. वर पोचल्यावर बाईंनी पिशवीतून घडी काढली, झटकली आणि यंत्राला वरून घातली. आणि काय सांगावं! कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. आतून प्लास्टिकचं अस्तर. पाणी साचू नये म्हणून वरची बाजू टोपीसारखी निमुळती. तळाला ओवलेली दोरी.

“एवढी महागाची वस्तू अशी उघड्यावर ठेवतात का कुणी? धूळ आहे, पाखरं आहेत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्या कागदाने दोन रात्री झोपला नाहीत, ते बघवलं नाही मला.”

मिलिमीटरांना अगदी भरून आलं. पावसाळ्याला अजून बराच अवकाश होता. “पाऊस लागायच्या आधी येऊन काढून नेईन,” ते म्हणाले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीला एकावर एक दोन गाठी मारल्या.

उतरताना त्यांचा पाय मुरगळला. नुसता मुरगळला नाही, चांगला मोडला. मग प्लास्टर, मग काठी, मग पाय बघायला येणाऱ्यांचे स्वतःचे मोडलेले पाय आणि त्यांच्या कथा. प्लास्टर निघेपर्यंत गवसणी मिलिमीटरांच्या डोक्यातून पार निघून गेली होती. वाचकांनी मात्र ती लक्षात ठेवावी. या गोष्टीत वाचकांकडे तेवढं एकच काम आहे.

बाकी कुणाला ती दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र स्वयंचलित होतं आणि वर जायचं कुणाला कारण नव्हतं. कोरड्या महिन्यांत ते दर पाव तासाला शून्य पाऊस असं इमानेइतबारे कळवत राहिलं. साहेबांनी मॅडमचं कौतुक केलं. असं शून्य आपणही कळवू शकलो असतो, तेही प्लास्टरमध्ये बसून, असं मिलिमीटर म्हणाले.

मग पावसाळा सुरू झाला. पहिल्याच दिवशी मिलिमीटरांच्या मापात अडतीस मिलिमीटर भरले. यंत्राने शून्य कळवलं. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस, यंत्र शून्य. ऑफिसच्या खिडकीतून तो डोंगर समोर दिसायचा. त्याच्यावर काळेकुट्ट ढग बसलेले, अंगावरून पांढरे ओघळ धावतायत, आणि खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर त्याच डोंगराचं शून्य. आठवडाभराने ऑफिसातली माणसं एकदा खिडकीकडे आणि एकदा कॉम्प्युटरकडे बघायला मुद्दाम वेळ काढू लागली.

“यंत्र खोटं बोलत नाही, काका,” मॅडम म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

“खोटं बोलत नाही, बरोबर आहे,” मिलिमीटर म्हणाले. “ते बोलतच नाही.”

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्या दिवशी ते त्यांनी चार वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन म्हटलं. लेखा विभागात म्हणाले तेव्हा तिथल्या कारकुनाने मान हलवली. “इतके दिवस एकही टिप नाही म्हणजे सेवाच धड देत नसणार.”

वर जाऊन बघावं, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही असं नाही. मॅडमने रीतसर परवानगी मागितली. नोंदणी विभागाचं म्हणणं, नोंदीप्रमाणे डोंगरावर पाऊसच नाही, तर मग पाऊस मोजणारं यंत्र तपासायला जाण्याचं प्रयोजन काय? वाहन विभागाचं म्हणणं, एवढ्या मुसळधार पावसात जीप वर जाणार नाही. हे दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, एकाच पाण्याच्या माठाच्या दोन बाजूंना बसत. शिवाय यंत्र स्वतः रोज सकाळी ‘प्रकृती उत्तम’ असा संदेश पाठवत होतं, आणि जो स्वतः बरा आहे म्हणतो त्याला तपासायचा नियम नव्हता.

इकडे पाणीपुरवठ्याचं ऑफिस नळ सोडायचं ते डोंगरावरचा आकडा बघून. आकडा शून्य म्हटल्यावर त्यांनी अपुऱ्या पावसामुळे पाणी दिवसाआड केलं. जलाशयाच्या भिंतीवरून पाणी वाहतंय हे त्यांच्याही लोकांनी पाहिलं होतं, पण भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. तेव्हा अख्खं शहर डोक्यावर छत्री धरून, गुडघाभर पाण्यातून वाट काढत, टँकरसमोर रिकाम्या बादल्या घेऊन उभं राहू लागलं.

मिलिमीटर ज्या बिल्डिंगमध्ये राहायचे तिथे रोज संध्याकाळी जिन्यात सभा भरू लागली. हवामान खात्याचा माणूस हाताशी असल्यामुळे जो तो त्याला सल्ला देत होता.

“यंत्र उलटं बसवलं असणार,” सेक्रेटरी म्हणाले. “आमच्या गीझरचं तसंच झालं होतं.”

“बंद करून परत चालू करा,” वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. “आमचं इंटरनेट तसंच येतं.”

बँकवाले आजोबा पोपटांच्या खोळीतून रक्तदाबाचं यंत्र काढत म्हणाले, “माझं ऐका. शिल्लक जुळत नाही म्हणजे कुठेतरी नोंद दाबून ठेवली आहे. वरती कुणीतरी काहीतरी झाकतंय.”

“अगदी बरोबर,” मिलिमीटर म्हणाले आणि त्यांनी आजोबांशी हस्तांदोलन केलं.

हळूहळू त्यांचा भाव चढत गेला. यंत्राने शून्य सांगितलं तरी पाऊस पडतोय हे छातीठोकपणे सांगणारा शहरात एकच माणूस होता, असं बिल्डिंगचं मत पडलं. वास्तविक पाऊस पडतोय हे खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या कुणालाही कळत होतं. पण मिलिमीटर किती पडतोय ते सांगत होते. लोक त्यांना जिन्यात आधी वर जाऊ देऊ लागले. ‘माणूस की यंत्र’ या विषयावर ते गच्चीच्या दाराशी वीस मिनिटं बोलले आणि वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

गंमत अशी की या सगळ्याची त्यांना मनापासून गरज होती. पुढच्या महिन्यापासून अंगणातलं नळकांडं उपटायचं आणि काचेचं माप अडगळीच्या खोलीत टाकायचं असं ऑफिसात ठरत आलं होतं. मिलिमीटरांना दुसऱ्या टेबलावर बसवणार होते, टपाल आवक-जावक. त्यांनी ते घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी माप डोळ्यांसमोर धरताना त्यांना वाटायचं, हे हातातून गेलं तर आपण नक्की कोण?

शेवटी साहेब वैतागले. “मी स्वतः वर येतो,” त्यांनी जाहीर केलं. “यंत्राचे आकडे भरवशाचे नाहीत असं निघालं तर यंत्र खाली आणि तुमचं माप कायम, मिलिमीटर. यंत्राचं म्हणणं खरं निघालं तर माप आत.” वाहन विभागाने साहेबांसाठी त्याच पावसात जीप दिली.

मॅडमने त्या दिवशी कँटीनमध्ये मिलिमीटरांसमोर चहाचा कप ठेवला आणि बसली. “काका, यंत्र तुटलेलं निघालं तर बरं होईल. ते चांगलं असेल आणि तरी शून्य दाखवत असेल, तर चूक प्रोग्रॅमची. म्हणजे माझी. मग मला नोकरीत कायम करणार नाहीत.” तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मिलिमीटरांनी चहा प्यायला आणि काहीतरी म्हणायचं म्हणून “बघू या” म्हणाले.

वर जायच्या दिवशी सकाळी जीप खाली हॉर्न वाजवत होती. मिलिमीटर रेनकोट घालून, डब्याची पिशवी घेऊन दारात बूट चढवत होते. एका पायात बूट गेला होता. आतून बाई म्हणाल्या, “अहो, वर जाताच आहात तर तेवढी आपली गवसणी घेऊन या. महिनाभर पावसात आहे, कुबट वास मारत असेल तिला.”

मिलिमीटर दुसरा बूट हातात धरून तसेच बसून राहिले.

“कुठली गवसणी?” त्यांनी विचारलं. खरं म्हणजे त्यांना कळलं होतं.

“यंत्राची. पाऊस लागायच्या आधी काढून आणतो म्हणाला होतात ना? मला वाटलं, आता पाऊस संपल्यावर आणणार असाल.”

ते जीपमध्ये जाऊन बसले. साहेब म्हणाले, “मिलिमीटर, आज तुमचा दिवस आहे,” आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. मांडीवरच्या डब्याच्या पिशवीतून एक पोपट मिलिमीटरांकडे बघत होता. त्यांनी पिशवी उलटी करून ठेवली. त्या बाजूला दोन पोपट होते.

रस्ता संपला तिथे सगळे उतरले आणि मिलिमीटर कामाला लागले. कसंही करून आपण आधी वर पोचायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पाय अजून ठणकत होता, तरी ते जवळजवळ पळतच सुटले. “काका, सावकाश!” मॅडम मागून ओरडली आणि पुढे यायला लागली. “साहेबांना सांभाळा!” मिलिमीटर ओरडले. “त्यांना दमा आहे!” साहेबांना दमाबिमा काही नव्हता, पण हे ऐकून त्यांना एकदम धाप लागल्यासारखं झालं आणि ते एका दगडावर बसले. मॅडमला थांबावं लागलं.

माथ्यावर पर्जन्यमापक उभं होतं. पिवळा रंग थोडा उतरला होता, पण पोपट ताजेतवाने दिसत होते. वरच्या निमुळत्या टोपीवरून पाऊस चारी बाजूंना व्यवस्थित ओघळत होता. एकही थेंब आत जात नव्हता. शेजारच्या खांबावरचा दिवा लुकलुकत होता आणि खाली ऑफिसात प्रकृती उत्तम असल्याचं कळवत होता.

पहिली गाठ सुटली. दुसरी पाण्याने फुगून दगड झाली होती. मिलिमीटर चिखलात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ती दातांनी सोडवायला घेतली. ज्या माणसाने आयुष्यभर माप डोळ्यांच्या रेषेत धरलं, तो आता सरकारी पर्जन्यमापकाच्या बुडाशी तोंड लावून बसला होता. खालून साहेबांचा आवाज आला तेव्हा गाठ सुटली. त्यांनी गवसणी उपसून काढली, तिचा बोळा केला आणि रेनकोटाच्या आत, शर्टावर, पोटाशी कोंबून बटणं लावली.

पावसाने यंत्राच्या तोंडात उडी घेतली. आतून टिक असा आवाज आला. मग पुन्हा टिक.

“चालतंय!” मॅडम धावत वर आली आणि यंत्राला कान लावून उभी राहिली. “काका, चालतंय! ऐका ना!” तिने गाळणं उचलून आत पाहिलं. वाट्या कलंडत होत्या. गाळणं लख्ख होतं, पाल्याचा एक तुकडा नाही, पाखराची एक काडी नाही. ती आधी हसली आणि मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

साहेब आले, त्यांनीही कान लावला. “म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. मग महिनाभर शून्य कसं?”

मॅडमने गाळणं परत जागेवर बसवलं.

“प्रोग्रॅम कुणाचा?”

“माझा, साहेब.”

“मग प्रश्नच मिटला. लिहून घ्या. यंत्र सुस्थितीत, परंतु प्रोग्रॅममधील दोषामुळे आकडे भरवशाचे नाहीत. सबब काचेच्या मापाने मोजणी पुढे चालू ठेवावी. झालं ना मनासारखं, मिलिमीटर?”

झालं होतं. अगदी मनासारखं झालं होतं. माप राहिलं, टेबल राहिलं, बिल्डिंगमधली इज्जत राहिली. फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि गप्प राहायला तर कुणालाही येतं.

एवढ्यात मिलिमीटरांच्या पायाशी थेंब पडायला लागले. महिनाभराचं पाणी प्यायलेली गवसणी रेनकोटाच्या आत निथळत होती. थेंब पोटावरून उतरून पँटच्या पायातून बाहेर येत होते. मॅडमचं लक्ष गेलं. थेंब मोजणं हा तिचा धंदाच होता.

“काका, तुम्ही भिजताय,” ती म्हणाली.

“पाऊस आहे,” मिलिमीटर म्हणाले.

“पाऊस बाहेरून आहे.”

तिने त्यांच्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं. रेनकोटाच्या दोन बटणांमधून एक लाल चोच बाहेर आली होती. मग तिने त्यांच्या हातातल्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं हे मिलिमीटरांना कळलं. ती आता बोलेल म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला, सवयीप्रमाणे. पण तिने नजर खाली वळवली, कागदावर छत्री धरली आणि साहेब सांगत होते ते लिहायला सुरुवात केली. “प्रोग्रॅममधील…”

मिलिमीटरांना लाज वाटली. एवढी लाज त्यांना गाठीला तोंड लावतानाही वाटली नव्हती.

“थांबा,” ते म्हणाले आणि त्यांनी बटणं काढली.

गवसणी धपकन बाहेर पडली आणि सगळे पोपट एकदम उलगडले.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“गवसणी.”

“कशाची?”

“पर्जन्यमापकाची, साहेब. माझ्याकडून काढायची राहिली.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो पुन्हा लगेच भिजला. “पर्जन्यमापकाला… रेनकोट?”

“आतून अस्तर आहे,” मिलिमीटर म्हणाले. हे कुणी विचारलं नव्हतं.

“आभाळाला गवसणी घालायला निघालेली माणसं मी पाहिलीत,” साहेब हताशपणे म्हणाले. “हे काही पाहिलं नव्हतं.” मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. हे असं लिहून वर पाठवणं शक्य नव्हतं, कार्यालयाचंच हसं झालं असतं. “आधीचं खोडा, मॅडम. लिहा. अज्ञात इसमाने यंत्रावर आच्छादन टाकल्याने…”

“अज्ञात नाही, साहेब,” मिलिमीटर म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “माझी बायको आहे. आणि टाकलं नाही, मापाने शिवलंय. मापं मी दिली होती.”

शेवटी ‘यंत्र काही काळ आच्छादित होते’ यावर तडजोड झाली. माप आत, यंत्र कायम, आणि मॅडमही कायम. उतरताना ती मिलिमीटरांच्या दुखऱ्या पायाच्या बाजूने चालत होती. जीप दिसू लागल्यावर म्हणाली, “काका, काकू मला लॅपटॉपला एक शिवून देतील का?”

“मापं द्या,” मिलिमीटर म्हणाले. तिला मॅडम म्हणायचं आपण विसरलो, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी आलं आणि त्यामागचं कारणही पाण्याच्या वेगाने बिल्डिंगमध्ये आलं. जिन्यात सभा भरली. “म्हणजे महिनाभर आम्ही बादल्या घेऊन पळत होतो ते या पोपटांपायी?” सेक्रेटरी तावातावाने म्हणाले. तेवढ्यात त्यांना खाली उभी असलेली आपली स्कूटर दिसली आणि ते जरा सौम्य झाले. बँकवाले आजोबा तेवढे खूश होते. “मी सांगितलं होतं की नाही, वरती काहीतरी झाकलंय म्हणून?” मिलिमीटर आता जिना सगळ्यांच्या शेवटी चढू लागले.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी ते चिखलाने माखून घरी आले तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गवसणीचा. मिलिमीटरांनी ती टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शून्य सांगितलं, मुलीची नोकरी सांगितली, माप जाणार हेही सांगितलं. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. आपल्या बायकोला वाईट वाटणार, तिच्या शिवणाचं हसं होणार, या धास्तीने मिलिमीटर शेवटी शेवटी फारच हळू बोलत होते.

बाईंनी गवसणी उलटी केली. अस्तरावरून हात फिरवला, एकेक शिवण बोटाने चाचपली. कुठे टाका उसवलेला नव्हता.

“एवढ्या पावसात आत किती गेलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही गेलं.”

“एक थेंबसुद्धा नाही?”

“नाही. दर पाव तासाची नोंद आहे.”

“मग यंत्र बरोबरच सांगत होतं की,” बाई म्हणाल्या. “आत पाऊस नव्हताच.”

महिनाभर त्या यंत्राला मिलिमीटर खोटं पाडत आले होते. ते खुर्चीत बसले. बूट काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. उद्या शेवटची मोजणी, मग ते माप कुठल्या तरी फळीवर धूळ खात पडणार, आणि आपण पाकिटांवर शिक्के मारणार. हे आता बोलून झालं होतं.

बाई उठल्या. शिलाई मशीनवरची पोपटांची गवसणी काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि कात्री शोधता शोधता विचारलं, “केवढं आहे हो ते काचेचं माप? उंची किती, घेर किती?”

या वेळी कशाला, ते मिलिमीटरांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे पुसले, एक डोळा मिटला आणि अर्ध्या मिलिमीटरापर्यंत नीट सांगितलं.